सीझनिक फोकस जीएक्स-६५० (संगणकाचा एसएमपीएस): दोन वर्षांच्या वापरानंतर

मी लग्नाचे अल्बम डिझाइन करते, बारामतीजवळच्या एका गावात. संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की आमच्याकडे व्होल्टेज १७०-१८० वर येतं. कॅबिनेटसोबत मिळालेला आधीचा एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा, अशाच एका संध्याकाळी गेला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी अल्बम द्यायचा होता. हार्ड डिस्क वाचली म्हणून निभावलं.

तो डबा तीन दिवस तसाच ठेवून मग उघडला. घाई केली नाही, कारण आतल्या वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ राहू शकतो. दोन कपॅसिटरची डोकी फुगलेली. वीज आत येते तिथे फिल्टरच्या कॉइलची जागा बोर्डावर छापलेली, पण कॉइलच नाही, नुसत्या तारेने जोडून दिलेलं. उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंक पत्र्याच्या पट्टीएवढा. बाहेर ठसठशीत ४५० वॅट लिहिलेलं, पण लेबलवर १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर. गुणून बघा: १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच चालतात, त्यामुळे खरा आकडा तोच. आठशे पानं एक्सपोर्टला लावली की मल्टीमीटर १२ व्होल्टच्या जागी ११.२ दाखवायचा. ११.४ च्या खाली जायलाच नको.

मग हा सीझनिक घेतला, साधारण नऊ हजारांना. याच्या लेबलवर १२ व्होल्टला ५४ अँपिअर आहेत, म्हणजे ६४८ वॅट. नावातल्या ६५० वॅटपैकी जवळजवळ सगळे तिथेच मिळतात. किराणा दुकानातल्या काट्यावर दोन्ही ठेवले, हा जुन्याच्या दुपटीच्या आसपास भरला. एक्सपोर्ट चालू असताना मोलेक्सच्या (चार पिनच्या जुन्या प्लगच्या) पिनवर १२.०५ व्होल्ट, आणि तासाभरानेही तेवढेच. सगळ्यात मोलाचं म्हणजे हा १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो. संध्याकाळी ट्यूबलाइट मंद होते, मशीन मात्र रीस्टार्ट होत नाही. दोन वर्षांत एकदाही नाही.

पंख्याचं बटण मागे आहे. ते हायब्रिडवर ठेवलं की कमी लोडला पंखा थांबून राहतो, खोलीत अगदी शांत वाटतं. मे महिन्यात मात्र मी ते बंद करते, पंखा सतत फिरलेला बरा.

खटकलं ते केबलचं. मदरबोर्डला जाणारी २४ पिनची केबल ताठ आहे, माझ्या छोट्या कॅबिनेटमध्ये वळवताना बोटं दुखली. आणि मॉड्युलर आहे, म्हणजे केबल काढता-घालता येतात, म्हणून दुसऱ्या कंपनीची केबल यात खोचू नका. प्लग बसतो, पण पिनांची मांडणी वेगळी असते, डिस्क जळू शकते. ८० प्लस गोल्ड (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा; ब्राँझ त्याच्या खालचा) आहे म्हणून बिल कमी होईल असंही समजू नका, माझ्या वापराला फरक जाणवला नाही. उष्णता कमी होते, तेवढं खरं.

वॉरंटी १० वर्षांची आहे, म्हणजे वर्षाला नऊशे रुपये. जुना अकराशेचा होता, चौदा महिने टिकला, वर मदरबोर्डचे सात हजार गेले. नुसतं टायपिंग आणि बिलं करायची असतील, ग्राफिक्स कार्ड नसेल, तर एवढा मोठा घेऊ नका, चांगल्या कंपनीचा ४५० वॅटचा ब्राँझ पुरतो. पण तोही घेताना दुकानदाराला खोका उघडायला सांगा आणि १२ व्होल्टसमोरचे अँपिअर स्वतः वाचा.