जुन्या थंडरबर्डला ताकद द्यावी की लगाम?

गाडी २०१३ ची रॉयल एनफिल्ड थंडरबर्ड ३५०, कार्ब्युरेटरवाली (हवा-पेट्रोल मिसळायची जुनी पद्धत). राहायला ठाणे, घोडबंदर रोड. महिन्यातून एकदा कल्याण-मुरबाडवरून माळशेज, नाहीतर कसारा घाट चढून नाशिक. मागे बायको आणि दोन बॅगा. चढाला गाडी धापा टाकते. मग सायलेन्सर-फिल्टर बदलून पिकअप वाढवावा, तोच पैसा ब्रेक-टायरवर घालावा, की विकून त्याच कंपनीची नवी मिटिऑर घ्यावी? पहिल्या दोन्ही गोष्टी मी केल्या आहेत, आणि चुकीच्या क्रमाने केल्या आहेत.

आधी आकडे. ह्या ३४६ सीसी इंजिनाची ताकद १९.८ बीएचपी, टॉर्क (म्हणजे ओढ) २८ न्यूटन मीटर. २०२० मध्ये थंडरबर्डच्या जागी मिटिऑर ३५० आली, अख्खं नवं इंजिन घेऊन. तिची ताकद २०.२, टॉर्क तर २७. पाटी कोरी असतानाही कंपनीने ताकद होती तिथेच ठेवली. बदललं ते वेगळंच: बॅलन्सर शाफ्टमुळे (इंजिनाचे हादरे खाणारा दांडा) थरथर कमी झाली, चॅसी नवी आली, आणि माझ्या गाडीत नसलेलं एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) दोन्ही चाकांना आहे. लांब पल्ल्याच्या गाडीत काय सुधारायचं असतं, ते मला तिथे कळलं. उशिरा कळलं.

कारण तोवर मी फ्री-फ्लो (धूर कमी अडवणारा) सायलेन्सर आणि उघडा एअर फिल्टर लावून बसलो होतो. आवाज असा की गाडी दुप्पट ताकदवान झाल्यासारखी वाटावी. पहिला आठवडा मीही फसलो. पण ह्या गाडीचा कार्ब्युरेटर व्हॅक्यूमवर चालतो. हवा एकदम मोकळी केली आणि जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं) तेच ठेवले, की मिक्स्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. थ्रॉटल सोडला की फटफट, इंजिन तापलेलं, प्लग काढून पाहिला तर पांढराफटक. मग मेन जेट बदला, पायलट जेट बदला, पुन्हा प्लग बघा. सगळं जमल्यावर वरच्या आरपीएमला (इंजिन जोरात फिरताना) थोडा फरक पडला, मान्य. पण माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये आणि घाटात लागते ती खालची ओढ, आणि तीच कमी झाली. मुरबाडच्या पुढे बायकोने इंटरकॉमवरून विचारलं, "हा आवाज बंद करता येतो का?" परतल्यावर जुना सायलेन्सर माळ्यावरून खाली आला.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीत बसत नाही असा बदल चालत नाही. दंड एका बदलाला ५,००० रुपये. बिग-बोर किट (मोठा सिलिंडर-पिस्टन) टाकलं तर आरसीवरची सीसी आणि इंजिनातली सीसी जुळत नाही. क्लेम करायची वेळ आली तर विमा कंपनीला काय सांगणार?

चढाचाच त्रास असेल तर स्वस्तातला उपाय पुढच्या स्प्रॉकेटचा (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा) एक दात कमी करण्याचा. ओढ लगेच जाणवते. बदल्यात हायवेवर ८० ला इंजिन जास्त फिरतं आणि थरथर वाढते. मी केलं नाही. भिवंडी सोडल्यावर नाशिकपर्यंत तासन् तास तीच थरथर हाताला नको होती. त्याआधी क्लच प्लेट आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्या. गेलेली ताकद परत आणणं हे नवी विकत घेण्यापेक्षा स्वस्त पडतं.

दुसरा रस्ता कंटाळवाणा आहे, फोटोत दिसत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१७ म्हणजे २०१७ चा २३ वा आठवडा. माझा मागचा टायर खाचा शाबूत असूनही दगड झाला होता, हे मी त्या आकड्यांवरून ओळखलं. नवे टायर, डॉट-४ ब्रेक ऑइल (ते पाणी शोषतं, दर दोन वर्षांनी बदलायचं), फोर्क ऑइल (पुढच्या शॉकअपमधलं), कोनसेट (हँडलचे बेअरिंग), मागचे शॉकअप. एवढं झाल्यावर माळशेज उतरताना वळणात गाडी पहिल्यांदा सांगितलेल्या रेषेत गेली. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. दीड-दोन बीएचपीची भर त्या हिशेबात कुठेच येत नाही.

मग मिटिऑर? पावसाळ्यात घाट करत असाल आणि गाडी बदलायची ऐपत असेल, तर एबीएस हे एकच कारण पुरे आहे. जुन्या गाडीत ते मागाहून बसवण्यासारखं नाही. शिवाय २०१३ च्या गाडीला २०२८ मध्ये १५ वर्षं होतील, म्हणजे आरटीओत उभी करून नूतनीकरण आणि वर पर्यावरण कर. एवढं माहीत असूनही मी विकलेली नाही. मिटिऑरची टाकी १५ लिटरची आहे, हिची २०. शिवाय बायकोला हीच सीट आवडते.