बॅकहोच्या आर्मला क्रॅक आलाय: वेल्डिंग, पट्टी, जुना आर्म की नवीन?

आधीच सांगून टाकतो, माझं नवी मुंबईत रबाळे साइडला फॅब्रिकेशनचं काम आहे, त्यामुळे हा वेल्डिंगचीच बाजू घेणार असं तुम्हाला वाटेल, वाटू दे. पण बॅकहोचे (मागे खोदायचा हात असलेल्या जेसीबीसारख्या मशीनचे) मालक लोक येतात तेव्हा फोनवर फोटो दाखवून पहिला प्रश्न हाच असतो की भाऊ एवढा क्रॅक आहे, किती घेणार. आणि खरं सांगायचं तर क्रॅक केवढा आहे यावर फार काही ठरत नाही, तो कुठे आलाय आणि कशामुळे आलाय यावर ठरतं. डिपरच्या (बकेट लागते तो पुढचा हात) कानाजवळ (पिन अडकते ती प्लेट) वेल्डच्या कडेने गेलेली वीतभर चीर परवडली, पण बूमच्या (मशीनकडचा मागचा हात) साइड प्लेटवरून कोपरा वळून खालच्या प्लेटवर उतरलेला चार बोटांचा क्रॅक नको, कारण तिथे बॉक्सचा कोपराच उघडा पडलेला असतो आणि उद्या बकेट भरून उचलली की तो पुढे सरकणारच.

म्हणून आधी बघा, मग रेट विचारा. आर्म धुवून ग्रीस-माती काढा, रंग वायर ब्रशने घासून टाका आणि डीपी टेस्ट मारा, म्हणजे रंगीत स्प्रेने क्रॅक शोधायची टेस्ट. लाल स्प्रे मारायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, कापडाने नीट पुसायचं (क्लीनर डायरेक्ट मारायचा नाही, कापडावर घ्यायचा), मग पांढरा डेव्हलपर. पांढऱ्यावर लाल रेघ उमटते ती क्रॅकची खरी लांबी, आणि डोळ्याला दिसत होती त्यापेक्षा ती बहुतेक वेळा जास्तच निघते. तीन डब्यांचा सेट हार्डवेअरवाल्याकडे मिळतो, त्याची कंजुषी करू नका.

आता साइटवर मोबाइल वेल्डर बोलवायचा की आर्म उतरवून शॉपला न्यायचा. घणसोली, उलवे, शिळफाटा, कुठेही असा, जनरेटर घेऊन येणारा वेल्डर तासाभरात मिळतो, मशीन संध्याकाळी कामाला लागते, हा त्याचा मोठा फायदा, कारण मशीन उभी राहिली की हप्ता काही थांबत नाही. कान किंवा साइड प्लेटवरचा एकाच प्लेटमधला क्रॅक असेल, हात पोचत असेल आणि पिन-बुश (सांध्याची पिन आणि तिच्याभोवतीची नळी) टाइट असतील तर साइटवरचं काम चालतं, मी स्वतः करून देतो. पण नव्वद टक्के लोक काय करतात, वरून ग्राइंडर फिरवतात, साधा ६०१३ रॉड घेतात आणि दोन थर ओढून रंग मारून मोकळे. आतला क्रॅक तसाच, वर टोपी घातली फक्त. असं वेल्डिंग परत उघडतं आणि आजूबाजूची प्लेट पण खराब करून जातं.

नीट काम म्हणजे क्रॅक मुळापर्यंत गॉजिंगने (आर्कने धातू कोरून) किंवा ग्राइंडरने काढायचा, परत डीपी मारून तो पूर्ण गेलाय हे बघायचं, गॉजिंगच्या आधी दोन्ही टोकांच्या थोडं पुढे ड्रिलने होल मारायचं म्हणजे उष्णतेने तो पळत नाही, मग व्ही ग्रूव्ह करून ७०१८ रॉडने भरायचं. बूम आणि डिपर आतून पोकळ बॉक्स असतात, आतून वेल्ड करता येत नाही, म्हणून ग्रूव्हच्या मागे बॅकिंग पट्टी सरकवायला लागते, नाहीतर रूट, म्हणजे वेल्डचं मूळ, अर्धवट राहतो. आणि रॉड कोरडा पाहिजे. ७०१८ हा लो हायड्रोजन रॉड, त्याला ओलावा लागला की सगळं पाण्यात, म्हणजे शब्दशः. जुलैमध्ये आपल्याकडे उघडं पाकीट दोन दिवस पडलं की तो रॉड ओव्हनमध्ये ३०० ते ३५० डिग्रीला तासभर तरी भाजल्याशिवाय वापरू नये. ओल्या रॉडचा वेल्ड त्या दिवशी एकदम चकाचक दिसतो, क्रॅक दुसऱ्या दिवशी किंवा त्याच्याही नंतर येतो, म्हणून शेवटची डीपी ४८ तासांनी मारलेली बरी. जाड प्लेट असेल तर वेल्डच्या आधी गॅसच्या टॉर्चने साधारण १०० डिग्रीच्या वर गरम करायचं आणि काम झाल्यावर हळूहळू थंड होऊ द्यायचं. हेल्पर पोरं घाईने पाण्याची बादली ओततात, त्यांना आधीच दम द्या.

शॉपमध्ये यातलं सगळं जमतं, साइटवर अर्धं जमतं, फरक एवढाच. शॉपला आर्म हवा तसा पालथा करून वेल्ड सपाट घेता येतो, ओव्हरहेड मारायला लागत नाही, आणि मुख्य म्हणजे लाइन बोरिंग (झिजलेली पिनची होलं परत गोल आणि एका रेषेत करणं) करता येतं. पिनचं होल अंडाकृती झालं असेल तर नुसता क्रॅक भरून काही उपयोग नाही. पिनमध्ये खेळ असला की प्रत्येक खोदणीला धक्का बसतो, तोच धक्का कानाच्या मुळाशी क्रॅक पाडतो, म्हणजे रोग पिनमध्ये आणि आपण औषध लावतोय प्लेटला. पोर्टेबल बोरिंग मशीन साइटवरही येतं, पण शेडमध्ये सेंटर नीट मिळतं. बदल्यात दोन-चार दिवस मशीन उभी, क्रेनचा आणि टेम्पोचा खर्च, जॅकचे (हायड्रॉलिक सिलिंडरचे) होज खोलताना तेल जातं ते वेगळं.

पट्टी मारून द्या म्हणणारे पण बरेच. पट्टी वाईट नाही, चुकीची पट्टी वाईट. कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून उरलेला चौकोनी तुकडा आणून चारी बाजूंनी वेल्ड केला की लोकांना वाटतं आर्म दणकट झाला. होतं उलटं, ती जागा कडक होते आणि सगळा ताण पट्टी संपते तिथे जमा होतो, मग नवीन क्रॅक बरोबर पट्टीच्या काठावर येतो. पट्टीची टोकं निमुळती पाहिजेत, माशाच्या तोंडासारखी, आणि आर्मला आडवा जाणारा वेल्ड टाळायचा, खास करून वरच्या-खालच्या प्लेटवर. प्लेट पण विचारून घ्या. साधी म्हणून मिळते ती बहुतेक ई-२५० ग्रेड, आर्मला त्याच्यापेक्षा ताकदवान ई-३५० घेतलेली बरी, दोन्ही आयएस २०६२ मध्येच येतात. जाडी वाढवून ग्रेडची भरपाई करायला जाऊ नका. आणि क्रॅक न काढता त्याच्यावर पट्टी झाकणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

जुना आर्म कधी? आपला आर्म पिळला असेल, तीन-चार वेळा तिथल्या तिथे वेल्ड होऊन प्लेट थकली असेल, किंवा बॉसच (पिन बसते तो जाड गोल भाग) फाटला असेल तेव्हा. पीळ बघायला दोन्ही टोकांच्या होलमध्ये पिन घालून मागून नजर लावा, दोन्ही पिना एका पातळीत दिसल्या पाहिजेत, आणि बाजूने दोरी ताणून सरळपणा बघा. यार्डातला (जुने पार्ट विकणाऱ्याकडचा) आर्म घेताना मात्र डोळे उघडे ठेवा, तिथे सगळंच ताजं पिवळं असतं. जाड रंगाच्या खाली पुटी, पुटीच्या खाली वेल्ड. मागच्याच पावसाळ्यात एकाने यार्डातून नेऊन मशीनला बसवलेला डिपर माझ्याकडे आला, कानाजवळ स्क्रॅपर लावला तर पुटीची खपली निघाली नि आतून गंजाची तपकिरी रेघ. गंज म्हणजे क्रॅक जुना, विकणाऱ्याला माहीत होता. त्यामुळे पैसे देण्याआधी कान, बॉस आणि बूमचा वाक एवढा भाग घासू द्या म्हणायचं. नाही म्हणाला तर उत्तर मिळालं. शिवाय मॉडेल आणि साल जुळवा, पिनचा व्यास आणि कानातलं अंतर कॅलिपरने मोजा, बाहेरून सारखे दिसणारे आर्म बसत नाहीत.

नवीन आर्म यात सगळ्यात सरळ आणि सगळ्यात महाग. मशीन तीन-चार वर्षांचीच असेल आणि अजून बरीच वर्षं वापरायची असेल तर आर्म पिळल्यावर मी नवीनच सांगेन, माझं काम गेलं तरी. दहा-बारा वर्षं जुनी मशीन विकायच्या विचारात असाल तर नवीन आर्मचा पैसा विकताना परत मिळत नाही. घोळ मधल्या वयाच्या मशीनचा असतो, तिथे माझं मत स्पष्ट आहे, शॉपमध्ये वेल्ड अधिक लाइन बोरिंग, यार्डातला आर्म नाही. त्या आर्मचा पूर्वेतिहास तुम्हाला कोण सांगणार, आपल्या आर्मचा निदान ठाऊक तरी असतो.

वेल्डिंग कुठेही करा, बॅटरीच्या वायर काढूनच, आणि २०२१ नंतरच्या सीईव्ही-४ (सरकारचा धुराचा नियम) मशीन असतील तर ईसीयूचे (इंजिनच्या कॉम्प्युटरचे) कनेक्टर पण कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे काढा. अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ, त्याच तुकड्यावर लावायचा. क्लॅम्प चेसिसला आणि वेल्ड डिपरवर, असं केलं की करंट पिन-बुशमधून जातो आणि तिथे खड्डे पडतात. बकेट जमिनीवर टेकवून प्रेशर सोडायचं, होज ब्लँकेटने झाकायचे, जॅकच्या रॉडवर ठिणगी नको, आणि फायर एक्स्टिंग्विशर हाताशी. बुशमधलं ग्रीस पेटतं, गंमत नाही.

हे एवढं करून ऑपरेटर तसाच राहिला तर परत माझ्याकडेच याल. आपल्याकडे मुरमाच्या खाली काळा पत्थर लागतो, बेसाल्ट, आणि तो बकेटने ठोकून फोडायची सवय फार. दुसरी सवय, खड्डा भरताना बकेट आडवी फिरवून माती लोटायची. आर्म पुढे-मागे ओढायला बनवलाय, आडव्या फिरवण्यात डिपर पिळला जातो आणि स्विंगच्या जागचे पिन ढिले होतात. ब्रेकर लावत असाल तर जॅक पूर्ण शेवटपर्यंत उघडून मारू नका, थोडा स्ट्रोक शिल्लक ठेवा, नाहीतर ठोका थेट आर्ममध्ये जातो. रोडवर नेताना बूम लॉक आणि स्विंग लॉक लावलाच पाहिजे, घोडबंदरच्या खड्ड्यांतून लॉकशिवाय मशीन पळवली की प्रत्येक आदळणीला किंगपोस्ट (बूम ज्याला अडकून बाजूला फिरतो तो सांधा) मार खातो. ग्रीस रोज, काम सुरू करायच्या आधी, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत. आणि एखाद्या निपलमध्ये ग्रीस जातच नसेल तर ऑपरेटर तो सोडून पुढे जातो, तो निपल त्याच दिवशी बदलून घ्या, पन्नास-शंभर रुपयांच्या निपलपायी लाइन बोरिंगचं बिल होतं.