येरेवानची डाळिंबं, नऊ महिन्यांनंतर

भाची आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला एमबीबीएस करतेय. गेल्या ऑक्टोबरात तिच्याकडे दहा दिवस राहून आले आणि येताना तिथल्या व्हर्निसाज बाजारातून चार वस्तू आणल्या: चांदीची डाळिंबाची कानातली, ऑब्सिडियनचं पेंडंट, जुन्या गालिच्याच्या तुकड्याची बॅग आणि सुईने विणलेल्या लेसचं ब्रेसलेट. आल्याआल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं. आता पुण्यातला एक उन्हाळा आणि अर्धा पावसाळा या वस्तूंनी काढलाय.

व्हर्निसाज रिपब्लिक स्क्वेअरच्या जवळच आहे. १९८०च्या दशकात चित्रकार आपली चित्रं मांडायला लागले, त्यातून हा बाजार उभा राहिला. खरी जत्रा शनिवार-रविवारी. भाव सांगतात ड्राममध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, त्यामुळे पहिला आकडा ऐकून छातीत धस्स होतं. मी गेले तेव्हा रुपयाला साडेचार-पाच ड्राम पडत होते, हे डोक्यात ठेवलं की जीव भांड्यात पडतो.

आधी कानातली, कारण रोज घातली ती हीच. आर्मेनियन भाषेत डाळिंबाला 'नुर' म्हणतात आणि ते तिथे जिकडे तिकडे दिसतं: दागिन्यांवर, मातीच्या भांड्यांवर, टेबलक्लॉथवर. नवरीने डाळिंब आपटून फोडायचं, दाणे विखुरले की घरात मुलंबाळं होणार, अशी त्यांची जुनी रीत. माझं सासर सांगोल्याचं, घरची डाळिंबाची बाग, त्यामुळे माझा पाय तिथून हलणं शक्यच नव्हतं. वरचा मुकुट अगदी खराखुरा घडवलाय आणि अर्ध्या उघडलेल्या फळात बारीक लाल खडे.

हेच खडे पुढे नडले. मार्चमध्ये एक पडला, एप्रिलमध्ये दुसरा. आमच्या सराफांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, चांदी चोख आहे, ९२५चा शिक्काही आहे. पण खडे कोंदणात नाहीत, नुसते चिकटवलेत." विकणाऱ्याने मात्र मला 'सगळं हाताने बसवलेलं' असं सांगितलं होतं. हाताने बसवलेले असतीलही, गोंदाने! आता सराफांनी नीट बसवून दिलेत. शिवाय मागे फिरकी नाही, नुसता आकडा आहे. हेल्मेट काढताना एक दोनदा निसटलं, तेव्हापासून मागे रबराची टिकली लावते.

एक चूक माझी. फेब्रुवारीत चांदी काळपट वाटली म्हणून आईच्या पद्धतीने दातांच्या पावडरीने घासली. नक्षीच्या खाचांमधला काळेपणा मुद्दाम दिलेला असतो, त्यानेच नक्षी उठून दिसते, हे घासून झाल्यावर कळलं. उजवीकडचं डाळिंब आता जरा भोळं दिसतं. तुम्ही फक्त मऊ कापडाने पुसा.

ऑब्सिडियनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ही ज्वालामुखीतून आलेली नैसर्गिक काच, आर्मेनियात भरपूर सापडते आणि अश्मयुगातली माणसं तिची पाती करायची. काच ती काचच. बेसिनच्या कडेवर आपटून एक टवका उडाला आणि तिथली कड इतकी धारदार झाली की अश्मयुगातल्या माणसांवर माझा पूर्ण विश्वास बसला. पेंडंट आता डब्यात आहे.

बॅग पाहून लोक रस्त्यात थांबवून विचारतात, हे खरं. आपण सरसकट कार्पेट म्हणतो, पण आर्मेनियनमध्ये 'कार्पेट' म्हणजे सपाट विणीचं जाजम. गाठी मारून केलेल्या लवदार गालिच्याला 'गोर्ग' म्हणतात. माझी बॅग सपाट विणीची, म्हणून त्यातल्या त्यात हलकी. तरी रिकामी असतानाही वजन जाणवतं. घेताना बाई म्हणाल्या की हा लाल रंग किड्याचा आहे. अरारातच्या मैदानातल्या किड्यापासून करायचा 'वोर्दान कार्मिर' नावाचा लाल रंग फार जुना आणि प्रसिद्ध आहे, हे खरंच. पण जूनच्या पहिल्या पावसात माझ्या पांढऱ्या कुर्त्याच्या कमरेवर गुलाबी पट्टा उमटला, आणि बाजारात हजारोंनी विकल्या जाणाऱ्या बॅगांना तो दुर्मीळ रंग कुठून येणार, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. ओल्या लोकरीचा वास तर विचारूच नका. चामड्याचे बंद आणि शिवण मात्र जशीच्या तशी आहे, एक टाका उसवलेला नाही. वर चेन नाही, एकच बटण, म्हणजे लोकलच्या गर्दीत नेण्याजोगी नाही. सध्या कसर लागू नये म्हणून कडुलिंबाच्या पाल्यासकट कपाटात आहे, दसऱ्याला बाहेर काढीन.

आणि लेस. चौघांत सगळ्यात स्वस्त, मी जवळजवळ सुट्टे पैसे संपवायला घेतलेली. ही क्रोशाची नाही, साध्या सुईने एकेक फास घेऊन प्रत्येक फासाला गाठ मारत जातात. फरक काय ते मे महिन्यात कळलं. पर्सच्या चेनमध्ये अडकून एक फुली तटकन तुटली. क्रोशाचं असतं तर धागा ओढला जाऊन उसवत गेलं असतं. इथे भोक पडलं आणि तेवढंच राहिलं, शेजारच्या गाठी जागच्या हलल्या नाहीत. मी घरच्या सुईने दोन टाके घातले, आता कुठे तुटलं होतं ते मलाही शोधावं लागतं. रिठ्याच्या पाण्यात चारदा धुतलं, आकार तसाच. उलटं करून पाहिलं तर मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ. कानातली घेताना मी ती उलटी करून पाहिलीच नव्हती.

भाची पुढच्या महिन्यात सुट्टीला येतेय. लेसची तीन ब्रेसलेटं सांगितलीत, एक जाऊबाईंना. बॅग वर चेन असेल तरच, आणि आधी ओला रुमाल घासून रंग लागतो का ते बघून.