मार्करच्या वासाला ‘अश्रुधूर’ म्हणणारं यंत्र: माझे १,५६,३५० रुपये गेले

अश्रुधूर मोजणारं म्हणून घेतलेल्या यंत्राचे १,४७,५०० आणि ‘कॅलिब्रेशन सर्टिफिकेट’चे (यंत्र बरोबर मोजतं याचा दाखला) जीएसटीसकट ८,८५०. हाती आला तो साधा सेकंडहँड पीआयडी, म्हणजे हवेतल्या रासायनिक वाफा मोजणारं, पण कुठली वाफ ते न ओळखणारं यंत्र. थिनर-पेंटच्या वाफा मोजायला ठीक, अश्रुधुराला बिनकामाचा.

मी कारखान्यांतली हवा तपासून देतो. पोलिसांच्या सराव मैदानाला लागून असलेल्या एका कारखान्यात कामगारांचे डोळे चुरचुरत होते. मालकाला सीएस (अश्रुधुरातलं रसायन) मोजून हवा होता, तोही आठवड्याच्या आत. घाई त्याची, पैसे माझे.

डेमोला यंत्र विकणाऱ्याने मार्करचं टोपण काढून यंत्रापुढे धरलं. स्क्रीनवर ‘सीएस १२.४ पीपीएम’ (हवेच्या दहा लाख भागांत १२.४ भाग). “खरा धूर इथे कसा सोडणार सर, हा फक्त रिस्पॉन्स,” म्हणाला. पीआयडी चालू आहे का हे आम्ही सगळेच मार्करने बघतो, त्यामुळे पटलं. कुणालाही पटलं असतं. पण मार्करला ‘सीएस’ हे नाव कुठून आलं? तिथेच त्याला बाहेर काढायला हवं होतं! वायूचं नाव यंत्रात हाताने टाइप करता येतं. पठ्ठ्याने तेच केलं होतं. सीएस मुळात गॅस नाहीच, बारीक पूड आहे. २० अंशांना तिची वाफ हवेत जेमतेम ०.०५ पीपीएम भरते, कामाच्या जागी कमाल मर्यादाही तेवढीच. आणि या डब्यावर दिसणारा सर्वांत लहान आकडा ०.१! कारखान्यात सगळ्यात जास्त ‘सीएस’ कुठे निघाला? कँटीनमध्ये, सॅनिटायझरच्या बाटलीपाशी. मालक हसला.

सर्टिफिकेटवर वायूचं नाव वाचा. माझ्या सर्टिफिकेटवर आयसोब्युटिलीन, १०० पीपीएम होतं, म्हणजे पीआयडी तपासायचा नेहमीचा वायू, सीएस नव्हे. सर्टिफिकेट खरंच होतं हो, तीच तर गोम.

चौकीत म्हणाले, “वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? दिवाणी बाब आहे.” अश्रुधूर हा शब्द ऐकल्यावर मात्र माझीच चौकशी: तुम्हाला कशाला हवंय हे? अर्ज घेतला, पोच नाही. नंतर गेलो तर साहेब बंदोबस्ताला, अर्ज कुणाच्या टेबलावर ते कुणालाच ठाऊक नाही. ग्राहक तक्रारीचं विचारलं तर धंद्यासाठी घेतलंत म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. म्हणजे चोर सोडून सगळ्यांना माझाच संशय!

सीएस मोजायचा तर फिल्टर आणि ट्यूबवर नमुना घेऊन प्रयोगशाळेत द्या. ऑनलाइन पैसे गेले असतील तर चौकीच्या आधी १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फिरवा, लगेच. डेमोला मार्कर नको, आणि ॲडव्हान्स तर नकोच. माझे ५०,००० तिथेच अडकले म्हणून उरलेलेही दिले.

त्या विक्रेत्याची जाहिरात अजून चालू आहे. फोटोत माझ्याच टेबलावरचं यंत्र, किंमत १,६५,०००.