कोझुमेलचा एक दिवस: 870 डॉलर 4 सेंट

आकडा सेंटसकट लिहिलाय कारण तो आता पाठ झालाय. त्यातला खर्च किती आणि चुना किती, यावर घरात अजून वाद आहे. जाऊबाईंच्या मते सगळाच चुना. आणि मी ऑफिसात काय करते? दुसऱ्यांनी पाठवलेली बिलं तपासते. अकरा वर्षं. घ्या हसून.

2025 च्या मार्चचा पहिला आठवडा. टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बंदरातून निघालेली क्रूझ, मी, नवरा, दीर, जाऊ आणि मालवणहून आमच्याकडे आलेली माझी आई. कोझुमेलला, म्हणजे मेक्सिकोच्या त्या बेटाला, जहाज सकाळी आठला लागणार, साडेतीनच्या आत सगळ्यांनी परत चढायचं. आई म्हणाली, "मी काय त्या पाण्यात उतरणार नाय, तुम्ही जावा." त्या दिवशी एकही पैसा न घालवलेलं माणूस ते एकच.

मी आणि दीर, दोघांकडे डायव्हिंगचं ओपन वॉटर कार्ड, म्हणजे शिकल्याचं पहिलं प्रमाणपत्र, आहे. टेक्सासच्या तळ्यात काढलेलं. हात पुढे केला तर बोटं दिसत नाहीत असलं पाणी. त्यामुळे कोझुमेल म्हटल्यावर आम्ही वेडेच झालो होतो. तिथला प्रवाह तुम्हाला प्रवाळाच्या भिंतीकडेनं अलगद वाहून नेतो, पाय मारायची गरज नाही, बोट वरून बुडबुड्यांच्या मागे मागे येते. पालांकार या तिथल्या प्रवाळाच्या भिंतीचं नाव दीर सहा महिने जपत होता.

"स्वस्तात मस्त शोधायला गेलात, भोगा," असं म्हणणाऱ्यांसाठी: जहाजाची स्वतःची दोन टाक्यांची डाइव्ह (हवेच्या दोन टाक्या, म्हणजे दोनदा पाण्याखाली जाणं) माणशी 159 डॉलर होती. मी ठरवली ती 110 ला. बेटावरच्या बऱ्याच दुकानांचा दर त्याच्याच आसपास होता. म्हणजे भाव संशय यावा इतका कमी नव्हता. हेच तर डोकं आहे त्यांचं. पन्नास सांगितले असते तर मी फोन ठेवला असता.

सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर. आम्ही दोघं डायव्हिंग, 220. नवरा आणि जाऊ स्नॉर्कलिंग, 45 प्रमाणे 90. एकूण 310. अर्धे आगाऊ. मग संध्याकाळी निरोप: पूर्ण रक्कम आज भरलीत तर दहा टक्के सूट, पण पैसे 'मित्र-नातेवाईक' या पर्यायानं पाठवा, नाहीतर ॲपवाले कमिशन कापतात. मी 279 पाठवले. मित्राला. ज्याला मी जन्मात पाहिलं नव्हतं. तो पर्याय निवडला की खरेदीचं संरक्षण गेलं, हे मला माहीत होतं हो! माहीत असूनही 31 डॉलरसाठी बटण दाबलं.

धक्क्यावर ठरल्या वेळेपेक्षा पंचवीस मिनिटं उशिरा एक पोरगा आला. बोटीत बसेपर्यंत पैशांचा विषय नाही. बोटीनं दोर सोडला आणि वही निघाली. सामानाचं भाडं दोघांचे 50. सागरी उद्यानाचं शुल्क माणशी 30, चौघांचे 120. पाण्याखालचे फोटो 40. सगळं रोख. मी मालवणची. गिऱ्हाईक होडीत बसलं की मग दर सांगायचा, हा प्रकार मी फ्रॉकात असल्यापासून बघितलाय, आणि बघून हसलेय. तिथे मात्र गुपचूप 210 डॉलर मोजून दिले, कारण उतरणार कुठे?

आता ती जागा, जी मला रात्री दोनला आठवते.

आमची कार्डं कुणी मागितली नाहीत. पाऊण वर्ष तळ्यात गारठून काढलेलं कार्ड मी हातात घेऊन बसले होते, दाखवायच्या उत्साहात. शेवटी मीच विचारलं, "कार्ड बघणार ना?" तर त्यानं अंगठा वर केला आणि बोटीचं हँडल फिरवलं. तब्येतीचा फॉर्म नाही, आधी काय-कसं करायचं ते सांगणं नाही. जो माणूस तुम्हाला पाण्याखाली नेतोय त्याला तुम्हाला श्वास घेता येतो का एवढंही विचारावंसं वाटत नाही, त्याच्या बोटीतून तिथल्या तिथे उतरायचं असतं. पोहत का होईना. मी काय केलं? कार्ड पिशवीत ठेवलं. वर दिराला म्हणाले, "बघा, किती रिलॅक्स्ड लोक आहेत."

टाकीतल्या हवेचा दाब दाखवणारा गेज 2,400 psi दाखवत होता. भरलेल्या टाकीत 3,000 च्या आसपास हवं. दिराच्या रेग्युलेटरचं, म्हणजे श्वास घ्यायला तोंडात धरायच्या यंत्राचं, रबर दातांनी कुरतडल्यासारखं फाटलेलं. आणि उद्यानाचं शुल्क भरल्याचा मनगटाला बांधायचा पट्टा? शेजारून गेलेल्या बोटीतल्या लोकांच्या हातात तो दिसत होता. आमच्या चौघांची मनगटं मोकळी. विचारलं तर म्हणे, "ऑफिसमध्ये, नंतर." शुल्क खरंच असतं, पण ते इतकं नसतं, आणि त्याचा पट्टा मिळतो. 120 डॉलर कुठल्या उद्यानात गेले ते देव जाणे.

दहा मिनिटांत बोट थांबली. "पालांकार!" पालांकार बेटाच्या नैऋत्येला लांब आहे, धक्क्यापासून दहा मिनिटांवर नाही, हे नकाशा बघितलेल्या कुणालाही कळतं, आणि मी नकाशा छापून नेला होता. छापून! अडतीस मिनिटांनी पाण्याबाहेर डोकं काढलं तर समोर आमचंच जहाज. इतकं जवळ, की वरच्या मजल्यावरची घसरगुंडी दिसत होती. आम्हाला क्रूझच्या धक्क्यांजवळच्या पॅराडाइज नावाच्या उथळ खडकावर उतरवलं होतं. खडक वाईट नाही, उलट छान आहे. कोझुमेलचा म्हणून ओळखला जाणारा तो चपट्या तोंडाचा, पट्ट्यापट्ट्यांचा, पिवळ्या परांचा टोडफिश तिथे कपारीत बसलेला दिसला, बेडकासारखं डराव डराव करत. दीर अजून म्हणतो, "वहिनी, मासा तर दिसला ना!" या माणसाला काय बोलायचं.

दुसरी टाकी? "प्रवाह जोरात आहे, धोका आहे." सुरक्षिततेचं नाव काढल्यावर वाद कसा घालणार? पैसे परत मागितले तर म्हणे साहेबांशी व्हॉट्सॲपवर बोला. साहेबांची एक टिक, दुसरी टिक आलीच नाही. (उत्तरेचं वारं सुटलं की तिथे छोट्या बोटींना बंदर खरंच बंद करतात, आणि जहाज लागलंच नाही तर नेकीची दुकानं पैसे परत देतात. पैसे भरायच्या आधी हे लेखी विचारून घ्या. लेखी.)

आता जेवण. पोरानं भरपाई म्हणून 'अस्सल गावातलं' ठिकाण सुचवलं, टॅक्सीत बसवून दिलं. त्या टॅक्सीचे पैसे त्यानंच दिले. आम्ही विरघळलो. फसवणाऱ्यानं मध्येच थोडं फुकट दिलं की माणूस कसा लाजतो! जागा गावातल्या धक्क्याच्या मागच्या गल्लीत. त्या धक्क्याचं नाव पुंता लांगोस्ता. लांगोस्ता म्हणजे शेवंड. इशारा याहून मोठ्या अक्षरात कसा लिहायचा?

वेटरनं ट्रेमध्ये दोन शेवंडी आणून दाखवल्या, "आज सकाळी धरलेल्या." मिशा लांब, नांग्या नाहीत, अगदी आपल्या मालवणातल्या शेवंडीची बहीण. मी बोट लावून बघितलं. गार. शेपटीचं मांस पांढरं पडलेलं. माहेर मालवणचं असलेल्या बाईला बर्फातली शेवंड ओळखता येऊ नये? आली ओळखता! पण चौघांसमोर पुन्हा कटकट नको म्हणून मान डोलावली. घरी आल्यावर कळलं की त्या किनाऱ्यावर 1 मार्च ते 30 जून शेवंड धरायलाच बंदी असते. म्हणजे एकतर फ्रीजरमधली, नाहीतर चोरून धरलेली. आपल्याकडे जून-जुलैत ताजा मासा म्हणून कुणी काही पुढे केलं तर मी त्याचं काय केलं असतं!

अचिओते (लाल बियांचा तिथला मसाला) लावून केळीच्या पानात भाजलेला मासा, त्याला तिकिन शिक म्हणतात, तो मात्र फार चांगला होता. हे नोंदवते, कारण मी खोटं लिहीत नाही.

वाट बघण्यात पाऊण तास गेला. बिल आलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून पाच. जाऊ किंचाळलीच, "साडेतीन!" माझ्या फोनवरही 3:05. वेटर अगदी काळजीच्या सुरात म्हणाला, "शिप, मॅडम, हरी, हरी." कार्डाचं मशीन त्याच्या हातात तयार. मशीननं विचारलं, डॉलर की पेसो? त्यानंच डॉलर दाबलं. मी सही केली. बाहेर टॅक्सी उभीच, धक्क्यापर्यंत 35 डॉलर. मीटर तिथे नसतोच, भाडं ठरलेलं असतं आणि धक्क्यावर त्याचा फलक असतो. तो सकाळी फोनमध्ये टिपून ठेवा. आम्ही न बोलता दिले.

धक्क्यावर धापा टाकत पोहोचलो तर पहारेकरी हसला. बोटानं फलक दाखवला. जहाजाची वेळ 2:25.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात टेक्सासची घड्याळं अजून पुढे केलेली नसतात. कोझुमेल ज्या राज्यात आहे त्या किंताना रोनं 2015 पासून वर्षभर एक तास पुढची वेळ धरलीय. आमच्या जहाजानं आपली वेळ बदलली नव्हती, फोन मात्र किनाऱ्याला लागताच बदलतो. सकाळी धक्क्यावर भेटायची वेळ ठरवताना मीच शहाणपणानं विचारलं होतं, "जहाजाची वेळ ना?" आणि दुपारी तेच विसरले. वेटर रोज हजारो क्रूझवाले बघतो, तो विसरला नव्हता. साधं मनगटी घड्याळ घाला, जहाजाच्या वेळेवर. फोनवर विश्वास ठेवू नका.

मग एक तास होता. बाकावर बसले आणि बिल वाचलं. माझं कामच आहे ते. शेवंड 'भाव 180'. खाली मुंगीएवढ्या अक्षरात, शंभर ग्रॅमला. दोन मिळून 1,300 ग्रॅम, म्हणजे 2,340 पेसो. ताटात आलं त्यात कवच धरूनही एवढं वजन नव्हतं. सेविचे 320, ग्वाकामोले 190, टाको 480, मासा 620, पेयं 440. बेरीज 4,390. त्यावर 16 टक्के कर वेगळा, 702.40. मेक्सिकोत गिऱ्हाइकाला दाखवलेल्या किमतीत कर धरलेला असावा लागतो, वर लावायचा नसतो. त्यावर 18 टक्के सर्व्हिस, 790.20. तिथे टिप ऐच्छिक असते, न विचारता बिलात घालता येत नाही. एकूण 5,882.60 पेसो. त्या दिवशी डॉलरला वीसच्या वर पेसो मिळत होते. मशीननं लावले सतरा. 346 डॉलर 4 सेंट. नुसतं डॉलरचं बटण दाबू दिलं म्हणून पन्नासच्या वर गेले. कार्डाच्या मशीनवर कायम पेसो. कायम! आणि मेनूवर डॉलरसारखी खूण दिसली तर ती बहुतेक पेसोची असते. बिल येण्याआधी बोलून पक्कं करा, कारण काही ठिकाणी ऐनवेळी ती डॉलरची होते.

आता ज्यांनी मदत करायची त्यांच्याबद्दल.

धक्क्यावरचा पर्यटकांसाठीचा पोलीस फार सभ्य. खुर्ची दिली, पाणी दिलं, स्पॅनिशमधला चार पानी फॉर्म दिला आणि म्हणाला, उद्या दहाला ऑफिसात या. उद्या दहाला मी समुद्रात असणार होते, हे त्याला मागे उभं असलेलं जहाज बघून कळायला हवं होतं. जहाजावरच्या सहलींच्या काउंटरवरची मुलगी गोड हसली: "आमच्याकडून बुक केलं नव्हतंत ना?" तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं, खरं सांगते. पैशांच्या ॲपचं उत्तर दोन ओळींचं: व्यवहार तुम्ही स्वतः केलात. बँकेला तीन फोन. पहिल्या वेळी 47 मिनिटं गाणं ऐकलं. दुसरीनं विचारलं, "जेवण मिळालं का?" मिळालं. "मग वाद कशाचा?" तिसऱ्यानं सांगितलं की डॉलरचा पर्याय ग्राहकानंच निवडल्याची नोंद आहे, सही आहे. अहो, बोट वेटरचं होतं! बोटाची नोंद नसते म्हणे. मेक्सिकोतल्या ग्राहक तक्रार कार्यालयाला भाचीकडून स्पॅनिशमध्ये ईमेल लिहून घेतला. उत्तर आलं, व्यवसायाचं नोंदणीकृत नाव आणि पत्ता कळवा. पावतीवर नाव वेगळं, पाटीवर वेगळं, आणि डायव्हिंगवाल्याचा पत्ता म्हणजे एक फोन नंबर. हेच तर मी त्यांना शोधायला सांगत होते. मग हे सगळे बसलेत कशाला? गुन्हेगार मीच असल्यासारखे पुरावे मी द्यायचे, भाषांतर मी करायचं, आणि वर 'आपल्या संयमाबद्दल आभार'.

म्हणून दुकानाला चारभिंती पत्ता आहे का, बोटीचं नाव काय, डायव्हिंगच्या कार्डाचा नंबर आधी मागतात का, ते बघा. ज्यांनी मागितला असता त्यांना मी 'फार चौकशा करतात' म्हणून सोडलं होतं.

तीन आठवड्यांनी 40 डॉलरच्या फोटोंची लिंक आली. बारा फोटो. आमच्यातलं एकही माणूस त्यात नाही. हिरव्या फिनवाली कुणी अनोळखी बाई पालांकारच्या भिंतीपाशी तरंगतेय, आणि तिच्या मनगटावर उद्यानाचा पट्टा आहे.