मॅक्स ४८७ म्हणून विकलेला खोटा माल: लॅमिंग्टन रोडवर आलेला अनुभव

साकीनाक्याच्या गाळ्यात आम्ही सोसायट्यांच्या वीजमीटरसाठी कम्युनिकेशन बोर्ड बनवतो. मीटर रूममधले सत्तरेक बोर्ड वायरच्या एकाच जोडीवर, आरएस-४८५ या डेटा पाठवायच्या पद्धतीवर चालतात. म्हणून डिझाइनमध्ये लाइनवर सिग्नल पाठवणारी-घेणारी मॅक्स ४८७ ही चिप घेतली होती. तिचीच बहीण मॅक्स ४८५ लाइनवर पूर्ण एक युनिट लोड (ठरलेल्या मापाचा एक भार) टाकते, त्यामुळे एका लाइनवर ३२ चिपा बसतात. ४८७ चा लोड पाव, म्हणून १२८. दोन्हींच्या आठही पिना मात्र सारख्या. भामट्यांचं फावतं ते इथेच. ४८५ वरचं नाव घासून ४८७ छापलं तरी बोर्ड सुरू होतो, आणि टेबलावर चार-पाच बोर्ड जोडून पाहिले तर काहीही कळत नाही.

मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून आधी नमुने घेतले, तपासले, मगच ऑर्डर दिली. नमुने अस्सल होते. लॉट आला तो दुसराच.

मुलुंडच्या एका इमारतीत बोर्ड बसवले आणि लांबच्या टोकाचे मीटर मधूनच गायब व्हायला लागले. सेक्रेटरींनी आमच्या वायरमनला सगळ्यांदेखत बोल लावले. त्या पोराने जोडण्या पुन्हा केल्या, दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रेझिस्टर बदलले. त्याचा काडीचाही दोष नव्हता. पैसे बुडाले त्यापेक्षा मला याचाच जास्त संताप आहे.

शेवटी स्कोप, म्हणजे सिग्नलचा आकार दाखवणारा ऑसिलोस्कोप लावला. ४८७ चे सिग्नल मुद्दाम संथ चढतात, साधारण २५० ते २००० नॅनोसेकंद घेतात. आमच्या स्क्रीनवर सिग्नलची कड सरळ उभी, वीसेक नॅनोसेकंदांची! ही चाल ४८५ ची. मग दुसरी खूण पाहिली. पिन २ हाय आणि पिन ३ लो केली की ४८७ झोपते, सप्लायचा करंट १० मायक्रोअँपिअरच्या आत येतो. आमची चिप निवांत ३०० च्या आसपास खात बसली होती. ४८५ ला ही झोपायची सोयच नाही. वरून ॲसिटोनचा बोळा फिरवला तर कापूस काळा झाला आणि खाली घासल्याचे ओरखडे दिसले.

दुकानदाराकडे गेलो तर, ‘साहेब, आम्हाला जसा आला तसा दिला. एकदा सोल्डर केलेला माल परत घेत नाही.’ बिलावर नुसतं ‘आयसी’ लिहिलेलं. त्या रस्त्यावर पिढ्यान्‌पिढ्या चोख धंदा करणारी दुकानं आहेत, आम्ही अजूनही त्यांच्याकडूनच घेतो. पण आता बिलावर पूर्ण पार्ट नंबर आणि डेट कोड (चिप कधी बनली त्याचा आकडा) लिहून घेतो, आणि नमुन्यावर न थांबता लॉटमधल्या प्रत्येक ट्यूबमधली (चिपा ज्यात येतात ती प्लॅस्टिकची नळी) एक चिप काढून झोपेचा करंट मोजतो. मिनिटभराचं काम आहे, साधा मल्टिमीटर पुरतो.

तुमच्या बाबतीत असं झालं तर एक ध्यानात असू द्या: धंद्यासाठी घेतलेल्या मालाला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सहसा लागू होत नाही. निव्वळ स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला मात्र तो लागू होतो. अशांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जरूर तक्रार करावी. न वापरलेल्या चिपा, ट्यूब आणि त्यावरचं लेबल फेकू नका. पुरावा म्हणून तेवढंच हाती राहतं.