सुट्टीत मुलांना काम शोधून देणारं ॲप वापरलं, पाचपैकी तीन स्टार, आणि ते का ते सांगते

घरात दोन टीनएजर आहेत, मुलगा १४ चा आणि भाची १६ ची. दोघांनाही उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीतरी काम करायचं होतं म्हणून शाळा-कॉलेजच्या मुलांसाठीच असलेलं एक जॉब ॲप घेतलं. नाव लिहीत नाहीये कारण अशी ॲप्स बरीच आहेत आणि साधारण सगळी याच पद्धतीने चालतात.

आधी चांगलं सांगते. प्रोफाइल बनवताना हे ॲप मार्क विचारत नाही, आवड विचारतं. लोकांशी बोलायला आवडतं का एकटं काम करायला, बसून का फिरून, बाहेर का आत, प्राणी चालतात का, लहान मुलं चालतात का. मला हे फार म्हणजे फार आवडलं. कारण आपण मोठी माणसं मुलांना काम बघताना पैसे किती आणि घरापासून लांब किती एवढंच बघतो आणि मग पोरगं आठवड्यात कंटाळून घरी बसलं की त्यालाच आळशी म्हणतो. भाचीला गर्दीचा त्रास होतो, तिला आइस्क्रीमच्या काउंटरवर उभी केली असती तर ती रडकुंडीला आली असती. ॲपने तिला झाडांची नर्सरी, लायब्ररीत पुस्तकं जागेवर लावणं आणि सायकल दुरुस्तीचं दुकान दाखवलं, तिने नर्सरी घेतली आणि आता घरी आली की कुठलं रोप सावलीत टिकतं, कुठल्याला किती पाणी लागतं यावरच बोलत असते. माझं तर ठाम मत झालंय की मजा कामाच्या नावात नसते, शिकवणारं माणूस कसं आहे यात असते. तिथल्या ताई चुकलं तरी ओरडत नाहीत, परत करून दाखवतात. हे कुठल्याच फिल्टरमध्ये येत नाही, त्यामुळे हो म्हणायच्या आधी एकदा जाऊन भेटाच.

आता तीन स्टार का. वयाचा फिल्टर अगदीच ढिला आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९७३ चा करार आहे, १३८ नंबरचा, त्यात कामाचं किमान वय साधारण १५ धरलंय आणि १३ ते १५ च्या मुलांना फक्त हलकं काम, तेही शाळेच्या आणि तब्येतीच्या आड न येणारं (काही देशांना या वयांत थोडी सूट आहे, शिवाय प्रत्येक देशाचा आपला कायदा असतोच, तो बघायलाच हवा). पण मुलाच्या प्रोफाइलवर १४ लिहिलेलं असूनसुद्धा त्याला गोडाउनमध्ये रात्रीचं सामान उचलायचं काम दाखवत होतं!! नर्सरीच्या जाहिरातीतसुद्धा खाली बारीक अक्षरात कीटकनाशक फवारणी लिहिलेली होती. धोक्याची कामं १८ च्या आतल्या कुणालाच द्यायची नाहीत हे १९९९ च्या १८२ नंबरच्या करारात आहे आणि २०२० पर्यंत संघटनेच्या सगळ्या सदस्य देशांनी तो मान्य केलाय, मग एका ॲपला एवढं कळू नये? आम्ही नर्सरीत स्पष्ट सांगितलं की फवारणी नाही, त्या लगेच हो म्हणाल्या. पण जिच्या घरी हे वाचणारं कुणी नाही ती मुलगी काय करणार.

दुसरं म्हणजे फी. चांगल्या जाहिराती उघडायला प्रीमियम घ्या म्हणतात. काम शोधणाऱ्याकडून एजन्सीने पैसे घ्यायचे नाहीत हे तत्त्व १९९७ च्या १८१ नंबरच्या करारातच आहे, द्यायचे तर कामावर ठेवणाऱ्याने द्यावेत. आम्ही प्रीमियम घेतलं नाही, फुकटातच काम मिळालं, तुम्हीही घेऊ नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरबसल्या कामांचा सेक्शन मुलांना एकट्याने उघडू देऊ नका. व्हिडिओ लाइक करा, रेटिंग द्या, पैसे कमवा टाइपच्या जाहिराती तिथे होत्या. यात आधी थोडे पैसे खरंच देतात, विश्वास बसला की पुढच्या टास्कसाठी तुम्हीच पैसे भरा म्हणतात आणि ते गेले की गेले. कुणी मुलाचं बँक खातं वापरायला मागितलं तर सरळ ब्लॉक करा, चोरीचे पैसे फिरवायला अशी खाती वापरतात आणि अडकतं ते पोर. मी अशा जाहिराती रिपोर्ट केल्या, काही काढल्या, काही अजून तशाच आहेत.

मुलाला शेवटी ॲपमधून काहीच मिळालं नाही. शेजारच्या आजोबांना सोबत हवी होती, तो रोज सकाळी त्यांना पेपर वाचून दाखवतो आणि त्यांचा कुत्रा फिरवून आणतो, खूश आहे. आजूबाजूला विचारणं अजूनही सगळ्यात भारी चालतं हे खरंय, पण ज्यांची ओळखीपाळखी कमी त्यांना ॲपचा उपयोग नक्की होईल. फक्त परीक्षा संपायची वाट बघू नका, चांगली कामं सुट्टी लागायच्या आधीच जातात, आम्ही बघितलं तेव्हा लायब्ररीवालं भरलेलं होतं.